काळ्या दगडाच्या खाली काय आहे

माझ्या हातून चारशे बारा विंधन विहिरी झाल्या. बोअर म्हणतात तेच. आकडा पक्का आहे, कारण प्रत्येक बोअरचं एक पान मी माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: गाव, जागा, कितव्या मीटरवर कोणता दगड, कितव्या मीटरवर पाणी. त्यातल्या एकशे सदतीस कोरड्या गेल्या. लोक कोरड्यांबद्दल विचारत नाहीत, म्हणून मीच आधी सांगून टाकतो. आमच्या घरी याचं कौतुक बेताचंच आहे. सौभाग्यवती पाहुण्यांना सांगतात, "घरच्या नळाला चार दिवस पाणी नाही, आणि हे जिल्हाभर भोकं पाडत हिंडले."

या कामाबद्दल फार कुणी लिहीत नाही, म्हणून ते कसं चालतं ते सांगतो. एका ट्रकवर खोदायचं मशीन असतं, दुसऱ्यावर हवा दाबणारा कॉम्प्रेसर. लोखंडी दांड्याच्या टोकाला हातोडा असतो. हवेच्या दाबानं तो खाली दगड ठोकत राहतो, आणि त्याच हवेबरोबर दगडाचा चुरा वर उडतो. दांडा तीन मीटरचा. एक दांडा खाली गेला की दुसरा जोडायचा. दर दांड्याला वर आलेल्या चुऱ्याचा एक ढीग वेगळा करायचा, ओळीनं. वीस दांडे गेले की साठ मीटर झाले. सरकारी परवानगी तेवढीच. म्हणजे दिवस संपता संपता मशीनशेजारी वीस ढिगांची रांग लागते, आणि ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी ती जमिनीची उभी चीर असते. काळी माती, मुरूम, मग राखेरी चुरा, तो काळ्या दगडाचा. मध्येच गेरूसारखा लाल थर. त्याच्याखाली पुन्हा काळा दगड. कधी हिरवट माती, कधी साखरेच्या खड्यासारखे पांढरे स्फटिक.

पाणी लागलं की धूळ बसते, चिखल येतो आणि मग कारंजं. लोक नारळ फोडतात, गुलाल उधळतात, ऑपरेटरला खांद्यावर घेतात. माझ्याकडे कुणी बघत नाही, कारण मी तेव्हा पत्र्याच्या पेटीच्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजत असतो.

लोकांना खाली जायचं असतं ते पाण्यासाठीच, असं मला नोकरीच्या सुरुवातीला वाटायचं. देवगाव फाट्याजवळच्या एका गावात सरपंचांनी हे चुकीचं ठरवलं. चाळीस मीटरवर भरपूर पाणी लागलं होतं. सरपंच म्हणाले, "बंद करू नका. शेजारच्या गावची बोअर पन्नासाला हाय. आपली बावन्न तरी पायजे."

"अहो, पाणी लागलंय ना?"

"पानी लागलं वो. पन लोक इचारतेत ना, किती खाली गेले म्हनून!"

मी बंद केली. त्यांनी नारळ फोडला, पण मला प्रसाद दिला नाही.

दुसरा माणूस एक धनगर होता. जिंतूरकडे काम चालू असताना तो मेंढरं घेऊन तीन गावं आमच्या मागं आला. पाण्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. येऊन ढिगांजवळ उकिडवा बसायचा, चिमूटभर चुरा जिभेवर ठेवायचा आणि थुंकायचा. तिसऱ्या गावात मी त्याला विचारलं, "काय बघताय?"

"ह्यो दगुड किती खाली हाय?"

"ठाऊक नाही."

"तुमाला बी ठाव न्हाई?" तो एवढ्या आनंदानं हसला की मला राग यायच्या ऐवजी बरं वाटलं. "म्या म्हनलं, सरकारला ठाव असंल."

खरं सांगायचं तर त्या धनगराचा प्रश्न माझाच होता. आमच्या भूवैज्ञानिक साहेबांनी एकदा चहा पिता पिता सांगितलं होतं की हा काळा दगड म्हणजे थरावर थर साचलेला लाव्हा आहे, आणि त्याच्या बुडाशी फार जुना, गुलाबीसर दगड आहे. नांदेडच्या पलीकडे तो उघडा पडलेला दिसतो. "आपल्याकडे किती खोल?" मी विचारलं. "कुणी गेलं तर कळेल," ते म्हणाले आणि बशीतला उरलेला चहा प्याले. मला त्या दिवसापासून चैन नव्हती. साठ मीटरला मशीन थांबलं की विसाव्या ढिगाकडे बघून वाटायचं, अजून एक दांडा. मी प्रत्येक थराचा चिमूटभर चुरा कागदाच्या पुडीत बांधून, वर आकडा घालून घरी आणायचो. "शिधापत्रिकेच्या खणात आता जागा नाही," ही सौभाग्यवतींची तक्रार तेव्हापासूनची.

आता जे लिहायचं आहे ते.

चारठाण्याच्या पुढे, डोंगराच्या उतरणीवर एक गाव आहे. नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांचं पुन्हा काही वाकडं व्हायला नको. ती विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची वर्षं होती. गाव आणि बौद्धवस्ती यांच्यात बोलणं तुटलेलं होतं. वस्तीतल्या बायका गावविहिरीवर जात नव्हत्या. जाऊ देत नव्हते म्हणा की जात नव्हत्या म्हणा, घागर दोन्हीकडून रिकामीच. त्यांनी स्वतःच्या हातानं खणलेली एक विहीर वस्तीजवळ होती. खोली साडेअकरा मीटर, अरुंद, आतून दगडानं बांधलेली. उन्हाळ्यात तिचं पाणी फार खाली जायचं, म्हणून वस्तीसाठी हातपंप मंजूर झाला आणि आम्ही होळीच्या आधी मशीन घेऊन गेलो. जागा विहिरीपासून चाळीस पावलांवर निघाली.

मशीन लावण्याआधी मी जवळच्या विहिरीची पातळी मोजतो. तसा नियम नव्हता, माझी सवय होती. टेपेला खडू लावून खाली सोडायची आणि खडू जिथवर भिजला ते वाचायचं. काठापासून पाणी सात मीटर चाळीस सेंटिमीटरवर होतं. पोहऱ्याची दोरी ओढत असलेल्या एका बाईनं विचारलं, "काय मोजायलात?" तिचं नाव गयाबाई. पन्नाशीची, अंगानं किरकोळ, पण सगळी वस्ती तिच्या शब्दात. मी सांगितलं. ती म्हणाली, "आमी दोरीवरच मोजतो. आता सोळा हात लागायलेत. तेवढं टेपीवर लिवा."

दुपारी एकवीस मीटरवर पाणी लागलं. पेटीच्या खाचेत चाळीस मिलिमीटर, म्हणजे तासाला सोळाशे लिटरच्या आसपास. हातपंपाला याच्या निम्मं पुरतं. वस्तीत आरडाओरडा झाला, पोरं चिखलात लोळली. आमचे ऑपरेटर करीमभाई इंजिन बारीक करून माझ्याकडे बघत होते. "साब, हो गया ना. रॉड निकालूं क्या?"

इथे थांबायचं असतं. पुस्तकात तसं लिहिलेलं आहे, आणि मला ते पाठ होतं.

पण शेवटच्या ढिगात गेरूचे कण दिसायला लागले होते. म्हणजे लाव्ह्याचा एक थर संपत होता, आणि खाली दुसरा, आणखी जुना सुरू होणार होता. परवानगी साठ मीटरची होती. मी म्हणालो, "चालू ठेवा."

गयाबाई ओल्या लुगड्यानिशी पुढं आली. "साहेब, लागलं की पानी. आता कामून खाली चाललात?"

"अजून लागेल," मी म्हणालो.

"हाय तेवढं बास हाय आमाला."

मी ऐकलं नाही. एवढंच लिहितो, त्याला दुसरी वाट नाही.

लाल थर गेला, काळा दगड आला. दहावा, बारावा, चौदावा दांडा. पाणी येत होतं, कमी नाही, जास्त नाही. पंधराव्या दांड्याला चुऱ्यात हिरवे दाणे आले, मूग भिजवल्यावर दिसतात तसे. असा रंग मी आधीच्या एकाही पुडीत पाहिला नव्हता. मी ते तळहातावर घेऊन उन्हात धरले. आयुष्यात जे दोन-चार आनंद मला कुणाला सांगता आले नाहीत, त्यातला तो एक. सोळाव्या दांड्याच्या शेवटी, अठ्ठेचाळीस मीटरवर, दांडा एकदम हातभर खाली घसरला. पोकळी. हवा वर यायची थांबली. चुरा नाही, पाणी नाही. कारंजं मोटार बंद केल्यासारखं बसलं.

करीमभाईंनी इंजिन बंद केलं. भोकाच्या तोंडाशी कान लावला आणि मलाही खुणावलं. खाली, खूप खाली, पाणी पडत होतं.

काय झालं ते मला तिथेच कळलं. वरचं पाणी त्या लाल थरावर, भांड्यात साठावं तसं, साठलेलं होतं. मी भांड्याच्या बुडाला भोक पाडलं होतं. ते पाणी आता खालच्या पोकळ, कोरड्या थरात जात होतं आणि तिथून उतारावर कुठं जाणार होतं कोण जाणे. चाळीस पावलांवरच्या विहिरीतही तेच पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीर नऊ मीटर पंचावन्नवर. तिसऱ्या दिवशी दहा मीटर सत्तर. पोहरा तळाच्या दगडावर आपटल्याचा आवाज येत होता.

वस्तीतला उत्तम हा शिकलेला तरुण, पुढच्या गावच्या शाळेत मास्तर होता. तो पाच-सहा जणांना घेऊन आला. आवाज चढला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"साहेब, एकवीस मीटरला पाणी लागलं होतं?"

"लागलं होतं."

"पुरेसं होतं?"

"होतं."

"मग खाली जायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

मागून एक जण म्हणाला, "कुनी सांगितलं न्हाई आन दिसभर मशीन चालवली? डिझेल झाडाला लागतंय व्हय?"

"गावातून कुणी येऊन बोललं का तुमच्याशी?" उत्तमनं विचारलं. "खरं सांगा. आमच्या विहिरीवर लोकांचा डोळा आहे."

मी म्हणालो, "गावातलं कुणी नाही. मला बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?"

"खाली कोणता दगड आहे ते."

मी पैसे खाल्ले असं म्हणालो असतो तर त्यांनी ते मान्य केलं असतं. जात मधे आली म्हणालो असतो तरी. पण कुणीतरी नुसतं बघायला त्यांचं पाणी घालवलं, हे त्यांना पटेना. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं. शेवटी गयाबाई म्हणाली, "ह्यो खरं बोलायलाय. परवा ते हिरवं काय ते हातात घिऊन बसला व्हता, लेकरावानी. म्या बघितलं." आणि लगेच माझ्याकडे वळली. "पन त्यानं आमचं पानी येतं का माघारी?"

येण्याचा एक मार्ग होता: भोक खालून बुजवत आणायचं. तळाशी दगडाचा चुरा, त्यावर काळ्या चिकणमातीचे गोळे, कारण ही माती पाणी पिऊन फुगते आणि फट धरते, आणि त्यावर सिमेंट. लाल थराच्या जरा वर थांबायचं, म्हणजे बुडाचं भोक बंद. पण त्यासाठी मशीन आणखी तीन दिवस तिथं लागणार होतं आणि सिमेंटला मंजुरी हवी होती.

मी परभणीला येऊन वरिष्ठांना भेटलो. ते वाईट माणूस नव्हते, घाईतले होते. म्हणाले, "अयशस्वी लिहा. खोली अठ्ठेचाळीस. पाणी नाही. मशीन उद्या पुढच्या गावाला पाहिजे."

"पाणी लागलं होतं, साहेब. मी घालवलं."

"हे कागदावर आणायची गरज आहे का?"

"त्याशिवाय सिमेंट कसं मिळेल?"

त्यांनी चष्मा काढला. "लिहिलं तर मशीन तुमच्याकडे राहणार नाही. कळतंय ना?"

कळत होतं. साठ मीटरच्या पुढं खोदणारं मोठं मशीन जिल्ह्यात येणार, संशोधनासाठी तीनशे मीटरपर्यंत जाणार, आणि त्यावर मला घेणार, असं बोलणं तेव्हा चालू होतं. त्यासाठी मी दोन वर्षं वाट बघत होतो. साहेबांना ते माहीत होतं, म्हणूनच त्यांनी विचारलं.

नमुन्यात एक रकाना होता: गरजेपेक्षा अधिक खोदाई केली असल्यास कारण. साधारणपणे तिथं "अधिक पाण्याच्या अपेक्षेने" लिहितात. मी ते दोनदा मनात लिहून पाहिलं. गयाबाईला मी तेच सांगितलं होतं आणि ते खोटं होतं. मी लिहिलं, "खालचा थर पाहण्याच्या वैयक्तिक इच्छेने." खाली सही केली. त्या नोकरीत लिहिलेल्या हजारो ओळींपैकी ही एकच मला तोंडपाठ आहे.

सिमेंट मिळालं. माती ओढ्यातून आणली. गोळे वस्तीतल्या बायकांनी वळले, लिंबाएवढे. मी मोजून टाकत होतो: नऊशे चाळीस. एक पोरगी म्हणाली, "आजे, एवढे लाडू तर लग्नात बी झाले नव्हते." सगळ्या हसल्या. तीन दिवसांत वस्ती हसलेली मी तेव्हाच पाहिली. उत्तम माझ्या शेजारी बसून वहीत वेगळा आकडा ठेवत होता. माझे नऊशे चाळीस, त्याचे नऊशे अडतीस. आम्ही त्यावर भांडलो, आणि भांडता भांडता आमच्यातलं अवघडलेपण थोडं सैल झालं.

पहिला चुरा टाकण्याआधी गयाबाईनं हात आडवा केला. "थांबा वो जरा." तिनं एक बारका दगड उचलला, भोकात सोडला आणि वाकून ऐकत राहिली. बराच वेळ. मग पदर सावरून उभी राहिली. "लय खोल हाय," ती म्हणाली. "बुजवा आता."

भोक बुजल्यावर चौथ्या दिवशी विहीर चार बोटं चढली. होळीला दीड हात. पाडव्यापर्यंत बायका पुन्हा भांडी घासायला काठावर बसायला लागल्या. चोवीस मीटरच्या त्या भोकावर हातपंपही बसला आणि चालला.

मला मेमो आला, वेतनवाढ थांबली, आणि मशीनवरून काढून पातळ्या मोजायच्या कामावर टाकलं. निरोपाच्या दिवशी करीमभाई म्हणाले, "साब, भोत अच्छा किए. मगर इत्ता सच नक्को लिखना था." मोठं मशीन पुढच्या वर्षी आलं. कोण गेलं, कुठं खोदलं, किती खाली गेले, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर झोप आली नसती. अजूनही विचारलेलं नाही. हिरव्या दाण्यांची पुडी तेवढी ठेवली आहे. सौभाग्यवतींनी बाकीच्या फेकल्या, ती मी कपाटातून माझ्या कपड्यांत हलवली.

पातळ्या मोजण्याचं काम शांत असतं. पिंगळीपासून जिंतूरच्या डोंगरापर्यंत ठरलेल्या विहिरी, वर्षातून चारदा, खडू आणि टेप. वस्तीची विहीर यादीत नव्हती. तरी दर वर्षी होळीच्या आधी मी तिकडे जात असे, बसचं तिकीट स्वतःचं. पहिल्या वर्षी सात मीटर एक्क्याण्णव. दुसऱ्या वर्षी सात पंच्याऐंशी. तिसऱ्या वर्षी, पाऊस चांगला झालेला असूनही, सात ब्याऐंशी. त्यानंतर ती तिथंच राहिली. मूळ सात चाळीसला ती कधी आली नाही. बेचाळीस सेंटिमीटर कुठून तरी अजून झिरपतं, किंवा काही फटी अशा असतात की त्या आपल्याला दिसत नाहीत. मला त्याचं कारण सापडलं नाही. दोरी मात्र वस्तीतल्या प्रत्येक घरी हातभर वाढवावी लागली.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या वर्षी मी गेलो तेव्हा गयाबाई बरीच थकलेली होती. ओट्यावर बसून होती. सून पाणी शेंदत होती. मी टेप सोडली, वर घेतली, खडू बघितला.

"किती?" ती म्हणाली.

"सात ब्याऐंशी."

"म्हंजी तेवढंच." तिनं मान हलवली, रागानं नाही. मग विचारलं, "तुमी आता मशिनीवर न्हाईत व्हय?"

"नाही. बरीच वर्षं झाली."

"आमच्या पायी?"

"माझ्या पायी."

तिनं सुनेला पोहरा इकडं आणायची खूण केली. मग म्हणाली, "मंग त्या हिरव्याच्या खाली काय हाय, ते कोन बघनार आता?"

सुनेनं पोहरा वर ओढला आणि माझ्या हातावर पाणी घातलं. मी प्यालो. जिंतूरची बस चुकेल म्हणून गयाबाईनंच मला उठवलं.